कंबर कसावी, की कारागीर गाठावा?

हौसेला मोल नसतं असं म्हणतात. ही म्हण ज्याने कुणी काढली, त्याच्या दारात जुनी मोटार उभी नसणार! जुन्या मोटारीच्या हौसेला मोल असतंच, आणि ते तीन खिशांतून चुकतं करावं लागतं – पैशाच्या, वेळेच्या आणि घरच्यांच्या सहनशक्तीच्या. गाडी धावत असते तोवर हा हिशेब कुणी मांडत नाही. तो मांडायची वेळ येते, ती गाडीच्या पोटाखालून पहिला ‘खट्ट’ आवाज येतो तेव्हा. मग मालकापुढे प्रश्न उभा राहतो – हे काम स्वतः करायचं, की जाणत्या कारागिराच्या हवाली करायचं?

प्रश्न वरवर साधा वाटतो, पण त्याने भल्याभल्यांची झोप उडवली आहे. त्याचं एक नामी उदाहरण म्हणजे जग्वार ई-टाइप या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं मागचं सस्पेन्शन. इंग्लंड-अमेरिकेतल्या ई-टाइपच्या मालकांपैकी बहुतेकांना आयुष्यात एकदा तरी या प्रश्नाला सामोरं जावं लागतं. त्यांची ही घालमेल आपणही समजून घेण्यासारखी आहे.

रूप पुढे, करामत मागे

१५ मार्च १९६१ रोजी स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात ई-टाइप पहिल्यांदा जगापुढे आली. गाडी बघायला अशी झुंबड उडाली, की कंपनीचे प्रमुख सर विल्यम लायन्स यांना आणखी एक गाडी तातडीने मागवावी लागली. कंपनीचे चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस यांनी रातोरात कॉव्हेंट्रीहून ती चालवत जिनिव्हाला आणली. माल्कम सेयर यांनी आखलेली तिची लांबसडक, डौलदार अंगकाठी इतकी गाजली, की १९९६ साली न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’ने एक निळी ई-टाइप चक्क कलाकृती म्हणून आपल्या संग्रहात दाखल करून घेतली. १९७४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत अशा बहात्तर हजारांहून जास्त गाड्या तयार झाल्या.

लोक भुलले ते रूपाला. जाणकारांनी मात्र वाकून गाडीच्या मागच्या भागाखाली पाहिलं. खरी करामत तिथे होती.

सस्पेन्शन म्हणजे गाडीचं अंग आणि चाकं यांच्यामधली सगळी जोडणी – स्प्रिंगा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, दांडे, बुश आणि बेअरिंगं. आपल्या परिचयाच्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये किंवा प्रीमियर पद्मिनीत मागची दोन्ही चाकं एकाच अखंड अ‍ॅक्सलला जोडलेली असत आणि त्यांच्याखाली लोखंडी पाटे असत. रचना दणकट, कुठल्याही नाक्यावरच्या मेकॅनिकला हाताळता येईल अशी. तोटा एवढाच, की एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही त्याची वर्दी पोचायची!

ई-टाइपमध्ये दोन्ही मागची चाकं स्वतंत्र केली होती. ही रचना बॉब नाइट या इंजिनियरची. महिनाभरात असं सस्पेन्शन बनवून दाखवता येणार नाही, अशी पाच पौंडांची पैज लायन्स यांनी त्यांच्याशी लावली आणि ते हरले, असा किस्सा जग्वारप्रेमी आजही सांगतात. किस्सा बाजूला ठेवला तरी काम बावनकशी होतं, हे निर्विवाद. थोड्याफार फरकाने हीच मांडणी जग्वारने पुढे एक्सजे-६ आणि एक्सजे-एस या मोटारींमध्ये वापरली, ती थेट नव्वदच्या दशकापर्यंत.

पिंजऱ्यातलं यंत्र

नाइट यांनी केलं काय, तर मागचं सगळं यंत्र एका पोलादी पिंजऱ्यात बसवलं. पिंजऱ्याच्या मधोमध डिफरन्शियल – इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारी पेटी. तिच्या दोन्ही अंगांना चिकटून ब्रेकच्या डिस्क. म्हणजे ब्रेक चाकापाशी नाहीत, आत गाडीच्या मध्याशी! त्यामुळे चाकांवरचं वजन कमी होतं आणि ती रस्त्याच्या चढउतारांना चटकन साथ देतात. डिफरन्शियलपासून प्रत्येक चाकापर्यंत एक फिरता दांडा. तो चाक फिरवतोही आणि सस्पेन्शनच्या वरच्या भुजेचं कामही करतो. खालच्या बाजूला एक नळीदार भुजा. प्रत्येक बाजूला दोन अशा एकूण चार स्प्रिंगा, आणि प्रत्येक स्प्रिंगेच्या पोटात एक शॉक अ‍ॅब्सॉर्बर. हा सारा संसार रबराच्या चार जाड गाद्यांवर गाडीच्या अंगाला टांगलेला. शिवाय दोन्ही बाजूंनी पुढे जाणारा एकेक दांडा – त्याला रेडियस आर्म म्हणतात – चाकांना मागेपुढे सरकू देत नाही.

आता यातली गोम बघा. ब्रेक आत असल्यामुळे त्यांची उष्णताही आतच राहते. त्या धगीने डिफरन्शियलची ऑइल सीलं कडक होतात, तेल पाझरतं आणि शेजारच्याच ब्रेक डिस्कवर पडतं. तेल लागलेला ब्रेक म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. आणि सील म्हणजे हातात मावणारी रबरी कडी! पण तिच्यापर्यंत पोचायचं तर डिस्क, कॅलिपर, दांडे असं सगळंच उतरवावं लागतं. म्हणून बहुतेक जण म्हणतात, एवढं उघडतोच आहोत तर सगळ्याचंच ओव्हरहॉलिंग करून टाकू. सासऱ्याचं नाव घेऊन माहेरचा अख्खा गोतावळा जेवायला यावा, तसं हे काम वाढत जातं.

दुखण्याची लक्षणंही ठरलेली आहेत. गिअर टाकून निघताना मागून ‘खट्ट’ वाजतं – क्रॉस झिजले. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडीचा मागचा भाग जरासा बाजूला सरकल्यासारखा वाटतो – रेडियस आर्मचे बुश किंवा रबराच्या गाद्या गेल्या. टायर एकाच कडेने झिजतात, हँडब्रेक धरत नाही. गाडी चालत असते, पण पूर्वीची राहिलेली नसते.

स्वतः करण्याचा मोह

हा मोह होण्यामागे सबळ कारणं आहेत. पहिलं म्हणजे रचनाच मोहात पाडणारी. मागचा सगळा पिंजरा एकसंध खाली उतरतो. सायलेन्सरचे पाइप, रेडियस आर्मची पुढची टोकं, ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल, प्रॉपेलर शाफ्ट आणि शेवटी त्या चार गाद्या सोडवल्या, की खाली टेकवलेल्या जॅकवर अख्खं यंत्र उतरतं आणि गाडीखालून ओढून बाहेर घेता येतं. मग गाडीखाली उताणं पडून नाकावर तेल पाडून घेण्याऐवजी उभं राहून, उजेडात काम करता येतं.

दुसरं म्हणजे सामान मिळतं. गाडी बंद होऊन पन्नास वर्षं उलटली, तरी तिची सीलं, बुश, बेअरिंगं आणि क्रॉस आजही नवे विकत मिळतात. बनवणारे बनवतात, कारण घेणारे आहेत.

तिसरं कारण मजुरीचं. आपल्याकडे गॅरेजवाल्याशी घासाघीस करता येते. तिकडे कारागिराचा तास म्हणजे मीटर लावलेली टॅक्सी! घरच्या गॅरेजात स्वतः पाना हाती घेण्याची परंपरा तिथे रुजली ती त्यामुळेच. या परंपरेला पुस्तकांची जोडही मिळाली. जॉन हेन्स हा हवाईदलातला तरुण १९६५ मध्ये एडन इथे नेमणुकीवर असताना त्याने एका सहकाऱ्याला ऑस्टिन-हीली स्प्राइट ही मोटार नव्याने बांधायला मदत केली. कंपनीचं माहितीपुस्तक सामान्य माणसाच्या उपयोगाचं नाही, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. त्याने कामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले आणि १९६६ मध्ये त्यातून पहिलं हेन्स मॅन्युअल निघालं. पुढे या पुस्तकांनी कित्येक घरांत मेकॅनिक घडवले. हेन्स २०१९ मध्ये वारले.

आणि चौथं कारण पैशात न मोजता येणारं. आपल्या हाताने उघडलेली, पुसलेली, जोडलेली वस्तू आपल्याला कळते. पुढे कधी ती कुरकुरली तर कुठे दुखतंय ते चटकन उमगतं.

चूक बोलकी की मुकी?

मग अडतं कुठे? अशा कामात धाडस आहे की नाही, यापेक्षा चूक कुठल्या जातीची होऊ शकते, हे आधी पाहावं. काही चुका बोलक्या असतात, काही मुक्या.

क्रॉस नीट बसला नाही तर तो वाजतो. बुश वाकडा बसला तर गाडी कुरकुरते. ऑइल सील चुकलं तर सकाळी गाडीखाली तेलाचा डाग दिसतो. या बोलक्या चुका. त्या मनस्ताप देतात, काम पुन्हा करायला लावतात, पण बहुधा सांगून सवरून येतात.

मुक्या चुका वेगळ्या. ब्रेकच्या कॅलिपरचे बोल्ट आणि डिफरन्शियलला पिंजऱ्याशी बांधणारे बोल्ट ढिले होऊ नयेत, म्हणून त्यांच्या माथ्यातून तार ओवून पीळ देतात. ती तार विसरली तर त्या दिवशी काहीच होत नाही. आठवडाभरही होत नाही. ब्रेकच्या नळीचा जोड अर्धवट आवळला गेला, तर गल्लीतल्या फेरीत ब्रेक उत्तम लागतात. त्या चुकीला वाचा फुटते ती घाटाच्या उतारावर. आणि १९६१ मध्येही ही गाडी ताशी १५० मैलांच्या, म्हणजे सुमारे २४० किलोमीटरच्या वेगाची म्हणून विकली जात होती, हे विसरून चालणार नाही.

दोन्हींच्या मधला तिसरा प्रकार आहे मोजमापाचा. डिफरन्शियलच्या पोटातल्या क्राऊन-पिनियनच्या दात्यांमधली फट, चाकाच्या बेअरिंगला ठेवायचा खेळ, ही मापं इंचाच्या हजाराव्या भागात मोजावी लागतात. पातळ चकत्या घालून-काढून ती जुळवायची असतात. चाकाचा उभा कलही अशाच चकत्यांनी ठरतो. इथे अंदाजपंचे चालत नाही. डायल गेज हवा, आणि त्याहून महत्त्वाचा म्हणजे तो वाचायला सरावलेला डोळा हवा. माप चुकलेलं डिफरन्शियल आधी घोंघावतं आणि मग स्वतःलाच खातं.

यावरून वाटणी आपोआप होते. पिंजरा उतरवणं, वर्षानुवर्षांचा मळ खरवडणं, रंग देणं, बुश आणि क्रॉस बदलणं, नव्या रबरी गाद्या बसवणं ही कामं हाताला वळण असलेल्या हौशी माणसाच्या आवाक्यातली. डिफरन्शियल मात्र सरळ उचलून जाणकाराकडे द्यावं. ते पिंजऱ्यातून सुटं होतं, डिकीत घालून नेता येतं. जुनं देऊन दुरुस्त केलेलं घेण्याची सोयही तिकडे आहे. दाबलेल्या स्प्रिंगा सोडवण्याचं कामही योग्य साधन नसेल तर घरी करू नये. निसटलेली स्प्रिंग बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. आणि ब्रेकचं काम स्वतः केलंच, तर दुसऱ्या जाणत्या माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

ब्रिटनमध्ये तर ही दुसरी नजर फारच मोलाची झाली आहे. मे २०१८ पासून तिथे चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळाली. त्यामुळे घरी बांधलेलं सस्पेन्शन कुणीच तपासलं नाही, तरी गाडी कायदेशीरपणे रस्त्यावर धावू शकते! सूट असली तरी गाडी स्वखुशीने तपासून घेता येते. शहाणे मालक ती घेतात. कायद्याने माफ केलं म्हणून रस्ता माफ करत नाही.

हात घालण्याआधी

स्वतः करायचं ठरलंच, तर नटबोल्टना हात लावण्याआधी थोडी पूर्वतयारी हवी. सर्वांत आधी बघायचं ते सस्पेन्शनकडे नव्हे, गाडीच्या पत्र्याकडे. रेडियस आर्मचं पुढचं टोक जिथे गाडीच्या तळाला जोडलेलं असतं, तिथला पत्रा गंजण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. तोच सडला असेल तर पिंजऱ्यातलं यंत्र नवं करून उपयोग नाही. खांब पोखरलेल्या घरात नवा झोपाळा टांगण्यातला प्रकार! मग काम वेल्डिंगचं होतं आणि सगळा हिशेब बदलतो.

दुसरी खबरदारी स्वतःच्या जिवाची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. सपाट, पक्क्या जमिनीवर भक्कम घोड्या लावून, गाडी हलवून खात्री केल्यावरच खाली जावं. पिंजरा एकट्याने उतरवायच्या फंदात पडू नये, सोबतीला माणूस हवाच. जुन्या ब्रेक पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी, आणि मुलाबाळांना त्या जागेपासून दूर ठेवावं.

तिसरी गोष्ट जाम झालेल्या भागांची. चाकाजवळचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा, त्यातून जाणारी पिन पोलादाची. ओलाव्यात वर्षानुवर्षं राहून ती अशी धरून बसते, की दोन दिवस तेल मुरवावं, गरम करावं, ठोकावं, तरी हलत नाही. रागाच्या भरात घातलेला हातोडा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा पाडतो आणि वाचवलेली मजुरी एका घावात जाते. अशा वेळी तो भाग तसाच उचलून हायड्रॉलिक प्रेस असलेल्या वर्कशॉपात नेण्यात कमीपणा नाही.

चौथी युक्ती अगदी घरगुती आहे. दोन्ही बाजू एकदम उघडू नयेत. डावी बाजू खोलली तर उजवी जशीच्या तशी ठेवावी. कुठली चकती आधी आणि कुठला वॉशर नंतर, असा पेच पडला की शेजारीच जिवंत नमुना हजर! जोडीला प्रत्येक टप्प्याचा फोटो, आणि प्रत्येक बोल्टासाठी नाव लिहिलेली पिशवी. ‘लक्षात राहील’ या शब्दांवर विसंबून गाडी उघडणाऱ्याचं गॅरेज लवकरच भंगारवाल्याच्या दुकानासारखं दिसू लागतं.

घरच्यांचं मतही हवं

एवढं सगळं जुळलं तरी एक हिशेब उरतो. सरावलेला कारागीर जे काम ओळीने बसून हातावेगळं करतो, ते शनिवार-रविवारच्या हौशी माणसाला महिनोन्‌महिने पुरतं. एक सील चुकीचं आलं, की दोन आठवडे गेले. पाहुणे आले, की आणखी दोन. मुलांच्या परीक्षा, लग्नकार्यं, आजारपणं तर आहेतच. जगभरातल्या गॅरेजांमध्ये घोड्यांवर चढवलेल्या, मागची चाकं नसलेल्या कितीतरी सुंदर मोटारी चादरीखाली पडून आहेत. त्यांच्या मालकांपैकी बहुतेकांना काम येत नव्हतं असं नाही. त्यांनी ते संपवायची तारीख ठरवली नव्हती, एवढंच.

म्हणून पाना उचलण्याआधी घरातल्यांना बसवून तीन गोष्टी मोकळेपणी सांगाव्यात – किती पैसे लागतील, किती सुट्ट्या जातील, आणि अमुक तारखेपर्यंत काम पुरं झालं नाही तर पिंजरा उचलून कारागिराकडे देण्यात येईल. तिसरं वचन सर्वांत महत्त्वाचं, कारण ई-टाइपच्या रचनेत ते पाळता येतं. अर्धवट उघडलेला पिंजराही टेम्पोत घालून नेता येतो. माघार घेण्याची वाट खुली असली, की पुढचं पाऊल निश्चिंतपणे टाकता येतं.

२००८ मध्ये टाटा मोटर्सने जग्वार विकत घेतली, तेव्हापासून या गाडीच्या घराण्याशी आपलंही नातं जुळलं आहे. याच कंपनीने २०१७ मध्ये कॉव्हेंट्री इथे जुन्या जग्वार जशाच्या तशा बांधून देण्यासाठी वेगळी कार्यशाळा उघडली. बनवणाऱ्यालाही आपलं जुनं काम पुन्हा करायला खास जागा, खास हत्यारं आणि खास माणसं लागतात. तिथे घरातल्या हौशी कारागिराने डिफरन्शियल दुसऱ्याला करायला दिलं, तर त्यात कसली आली नामुष्की?

आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारात ई-टाइप असेल. पण स्कूटर, गीझर, मिक्सर, विजेचा बोर्ड सगळ्यांच्याच घरी असतो, आणि ‘यात काय मोठंसं, मीच करतो’ म्हणणारा एक तरी गृहस्थ किंवा गृहिणीही असते. त्यांना अडवू नये. फक्त कामाला हात घालण्याआधी एवढंच विचारावं, की चुकलंच काही, तर ते आपल्याला कळेल कसं? ‘आवाज येईल’ असं उत्तर मिळालं, तर खुशाल पाना हाती द्यावा. उत्तर द्यायला ते घुटमळले, तर कारागिराचा फोन नंबर पुढे करावा.